खंडेनवमीचा हार आणि मागचे चाक

खंडेनवमीला आमच्या घरी दोन ठिकाणी पूजा मांडली जाते. देवघरापुढे विळी, कातर, अडकित्ता आणि शिवणाचे यंत्र असा सौभाग्यवतीचा पाट. अंगणात पान्हे, पकडी, हातोडी आणि मोटार असा माझा. झेंडू दोन्हीकडे लागतो आणि वाटणीत मला दरसाल कमी येतो, हे इथे नमूद करून ठेवतो. तरी मोटारीच्या नाकावर एक ठसठशीत हार चढतोच. टपावर अक्षता पडतात, चाकापुढे नारळ फुटतो, आणि पूजा आटोपली की मंडळी आमच्या यवतमाळचा दुर्गोत्सव पाहायला बाहेर पडतात. चाकाच्या आत बसून वर्षभर काळ्या मातीचा चिखल खाणारा, आणि वेळ आली की आपल्या सगळ्यांचे प्राण राखणारा जो भाग, त्याला मात्र हळदीचे बोटसुद्धा लागत नाही. तो दिसतच नाही, त्याला कोण काय करणार!

त्या भागाला कॅलिपर म्हणतात. मागल्या दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी मला त्याची ओळख नव्याने करून घ्यावी लागली, आणि ती काही सुखाची झाली नाही.

त्याचे असे झाले. माझ्या आईचे डोळे दाखवायचे होते, म्हणून लेक तिला मोटारीतून सेवाग्रामच्या रुग्णालयात घेऊन गेली. मला बँकेत काम होते, आणि यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा हा रस्ता लेकीच्या पायाखालचा. जाताना काही झाले नाही. येताना गाडी जरा जड चालते आहे असे तिला वाटले, पण वारा समोरचा असेल म्हणून तिने मनावर घेतले नाही. कळंबला आईने चिंतामणीच्या दर्शनाचा हट्ट धरला. ते देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून जावे लागते. आजी-नात सावकाश उतरल्या, दर्शन घेतले, सावकाश वर आल्या, तरी मोटारीभोवती इस्त्रीखाली कापड करपल्यासारखा वास रेंगाळतच होता. डाव्या बाजूच्या मागच्या चाकातून बारीक धूर निघत होता.

"बाबा, चाक पेटलंय की काय, काही कळत नाही."

"आजी कुठे आहे?"

"इथेच आहे. ती म्हणते, बादलीभर पाणी ओत."

पाणी ओतू नका म्हणून मी बँकेतच ओरडलो. तापलेल्या बिडाच्या तबकडीवर एकदम गार पाणी पडले तर ती वाकते, प्रसंगी तडकतेसुद्धा. "हात लावू नकोस, लांबूनच दोन थेंब शिंपडून पाहा," असे मी सांगितले, आणि क्षणभराने फोनमधूनच मला 'चर्र' असा आवाज ऐकू आला. उजव्या चाकावर शिंपडलेले थेंब नुसते ओघळले. निदान झाले. डावीकडचा ब्रेक पाय काढल्यावरही सुटत नव्हता. धावत्या चाकाला धरूनच बसला होता.

आजी-नात एस.टी.ने घरी आल्या. मोटार मागची चाके उचलून टोचन करून आणली. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी ज्या गॅरेजात दोन महिन्यांपूर्वी तेल बदलून घेतले होते त्याच्यावर मनातल्या मनात खटला भरला, साक्षीपुरावे तपासले आणि पहाटेपर्यंत त्याला दोषी ठरवून मोकळा झालो.

ब्रेक म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी पुढचे दोन-तीन परिच्छेद ओलांडून जायला हरकत नाही. मोटार थांबवणे म्हणजे तिची गती नाहीशी करणे नव्हे, गतीची उष्णता करून ती हवेत सोडून देणे. समजा, बाराशे किलोंची मोटार ताशी ८० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि समोर कापसाची गाडी आडवी आली. तुम्ही पाय दाबलात, मोटार उभी राहिली. तेवढ्या चार-पाच सेकंदांत ब्रेकमध्ये जी उष्णता झाली, तिच्यावर एक लिटर पाणी ३० अंशांपासून थेट उकळीला येईल. सात-आठ माणसांच्या चहाचे आधण! शाळेत मी हे गणित फळ्यावर सोडवून दाखवीत असे. चहाचे नाव निघाले की मागच्या बाकावरची मुलेही जागी होत.

ही उष्णता घासण्यातून होते. उतारावर बैलगाडी आवरायला आमचे आजोबा चाकाच्या लोखंडी धावेवर लाकडाचा ठोकळा दाबून धरीत. ड्रमचा ब्रेक त्याच घराण्यातला, फक्त तो डब्याच्या आतून बाहेर दाबतो. १९५८ साली आलेली आणि २०१४ साली बंद झालेली आपली ॲम्बॅसिडर किंवा ती लाडकी फियाट, या मोटारी आपल्या उमेदीच्या काळात चारही चाकांच्या ड्रमवरच चालल्या. डिस्कच्या ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी उघडी तबकडी असते, आणि कॅलिपर तिला चिमट्यासारखा दोन्ही बाजूंनी धरतो. ही कल्पना काही कालची नव्हे. लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनियराने १९०२ सालीच तिचे पेटंट घेतले होते; पण त्याचे पॅड तांब्याचे, आणि ते असे किंचाळत की ऐकणाऱ्याने कानांवर हात ठेवावेत. पुढे १९५३ साली फ्रान्समधल्या ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्कवाल्या जॅग्वारने बाजी मारली, तेव्हा कुठे जगाचे डोळे उघडले. उघडी तबकडी लवकर निवते, एवढेच तिचे रहस्य. फुंकर घालून चहा बशीत ओतणाऱ्यांना ते निराळे सांगायला नको.

पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो तो ब्रेक ऑइलमधून. दोन पिचकाऱ्या, एक बारीक आणि एक जाड, नळीने जोडा, आत पाणी भरा आणि बारीक पिचकारी दाबा. जाडीला तुम्ही दोन्ही हातांनी थोपवू शकणार नाही. हा पास्कलचा नियम. कॅलिपरमधला पिस्टन म्हणजे ती जाड पिचकारी. तो आतला पॅड तबकडीवर दाबतो, आणि त्याच्या प्रतिक्रियेने सगळा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅडही दाबतो. या दोन पिना सरकल्या पाहिजेत. माझी सारी कथा त्या बोटभर लांबीच्या पिनांची आहे.

आता मागचेच चाक का? ब्रेक लावला की मोटारीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे थांबवण्याचे निम्म्याहून पुष्कळ अधिक काम पुढची चाके करतात. मागच्यांना काम कमी, आणि पुढच्यांनी उडवलेली धूळ, चिखल, पाणी सारे यांच्या वाट्याला. शिवाय हातब्रेकची दोरी यांच्याच गळ्यात. काम कमी आणि घाण जास्त अशा ठिकाणी गंज धरतो, मग ते कचेरीतले टेबल असो की कॅलिपर. आपल्याकडच्या बऱ्याच लहान मोटारींना मागे अजून ड्रमच असतात. आमच्या मोटारीला मागेही डिस्क आहे. वास्तविक ती घेताना मी याच गोष्टीचा मित्रमंडळींत तोरा मिरवला होता.

सकाळी आठला मी अंगणात उतरलो. फरशी सपाट आहे याची खात्री केली, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावल्या आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. मागचा कॅलिपर उघडायचा तर हातब्रेक सोडलेलाच हवा, म्हणून विटांवर भिस्त. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे ढिले केले, मग जॅक लावला, आणि जॅकच्या जोडीला लोखंडी स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या मोटारीखाली जाऊ नये. आणि विटा चाकाला अडवायला ठीक, मोटारीखाली उभ्या करू नयेत. वीट पिचते तेव्हा आधी सांगत नाही.

चाक निघाले. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि आजच्या भुकटीतही छातीला हितकारक असे काही नाही, म्हणून ती फुंकायची नाही, पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने टिपायची. हातब्रेकची दोरी सोडवली, पिनांचे दोन बोल्ट काढले आणि कॅलिपर उचलू लागलो. तो हलेना. लाकडी दांड्याने हलके ठोकत, थोडे पुढे, थोडे मागे करीत एकदाचा सुटला. त्याला त्याच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवायचे नसते. मी तो तारेने स्प्रिंगला बांधला.

पॅड हातात घेतले आणि खटल्यातला पहिला पुरावा मिळाला. बाहेरच्या पॅडवर अजून आठ-नऊ महिने जातील एवढे अस्तर होते. आतला पॅड मात्र दोन मिलिमीटरांच्याही खाली गेला होता आणि त्याचा काठ राखेसारखा पांढरा पडला होता. हे दुखणे एकाच गोष्टीचे: पिना सरकत नाहीत, कॅलिपर जागीच अडकतो आणि आतला पॅड एकटाच झिजत, तापत राहतो.

पिना ओढून काढल्या. त्यांच्यावरच्या रबरी टोप्या, ज्या बोटात घट्ट बसणाऱ्या अंगठीसारख्या असायला हव्यात, त्या पाण्यात भिजलेल्या मनुकांसारख्या फुगून मऊ पडल्या होत्या. आतले ग्रीस चिकट, तपकिरी, डिंकासारखे झाले होते.

एवढ्यात फाटकाशी आमचे शेजारी आले. जिनात त्यांनी चाळीस वर्षे फिटरकी केली. आळीत त्यांना सारे फिटरकाका म्हणतात.

"काय करून रायले, मास्तर?"

मी त्यांच्यापुढे पिन धरली आणि गॅरेजाविरुद्धचे माझे निकालपत्र वाचून दाखवायला सुरुवात केली. त्यांनी ऐकून घेतले. मग ते ग्रीस दोन बोटांत चोळले, नाकाशी नेले, फुगलेली टोपी दाबून पाहिली.

"हे बेअरिंगचं ग्रीस हाय. रबराले हे लावत नसते जी. रबर फुगते. कोनं लावलं?"

मी उत्तर देणार होतो, पण माझी नजर जिन्याखालच्या फळीवर गेली. तिथे पिवळा डबा होता. दोन वर्षांपूर्वी, पहिल्याने मी स्वतः मागचे पॅड बदलले होते, तेव्हा पिना कोरड्या वाटल्या म्हणून त्याच डब्यातले ग्रीस बोटभर काढून मीच मोठ्या प्रेमाने लावले होते. त्या दिवशी घरभर सांगत हिंडलो होतो की गॅरेजवाल्याचे पैसे वाचवले. खनिज तेलाचे साधे ग्रीस ब्रेकच्या रबराला फुगवते, ही गोष्ट रसायनशास्त्राच्या तासाला मी कोणालाही समजावून सांगितली असती. पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल, सगळ्यांचे तेच. या पिनांना सिलिकॉनचे किंवा खास ब्रेकसाठी केलेले ग्रीसच लागते, चिमूटभर पुरते.

फिटरकाका पुढे काही बोलले नाहीत. त्यांनी विचारले ते एवढेच, "गाडीत कोन होतं?"

"आई आणि मुलगी."

ते चूप बसले, आणि त्या चुपीत मला पुढचे सगळे आपोआप दिसू लागले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. पावसाळ्यात तर हमखास. डीओटी चार जातीचे कोरे तेल २३० अंशांच्या खाली उकळत नाही, पण पुरेसे पाणी प्याले की तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. तापलेल्या कॅलिपरमध्ये तेल उकळले की त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. मग पाय दाबावा तर पेडल मऊ कणकेसारखे खाली जाऊन फळीला टेकते आणि मोटार आपल्या वेगाने चालूच राहते. आईला चिंतामणीची आठवण झाली नसती तर लेक कळंबला थांबली नसती. बँकेत बसून मी तिकडे पासबुक भरून घेत होतो.

त्या रात्री जेवताना मी घरात सांगून टाकले. सौभाग्यवतीने आमटीची वाटी माझ्यापुढे जरा जोरात ठेवली. लेक म्हणाली, "बाबा, मला आधी का नाही शिकवलं हे काम? दोघांनी पाहिलं असतं." आई कमी ऐकते, तिने दोनदा विचारले की चूक कोणाची होती, आणि मला दोनदा सांगावे लागले.

नवे पॅड, पिना आणि रबरी टोप्यांचा संच नागपूरहून मागवला. पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलतात. एका पायात नवी चप्पल घालून माणूस सरळ चालत नाही. तबकडीवर तिची कमीत कमी जाडी कोरलेली असते. मोजून पाहिली, आमची त्याहून जाड भरली. भेग दिसली नाही, वाकही आढळला नाही.

दुसरे काम आम्ही दोघांनी केले, मी आणि लेक, फिटरकाका खुर्चीवर. मागच्या कॅलिपरचा पिस्टन पुढच्यासारखा नुसता दाबून आत जात नाही, कारण हातब्रेकचा आटा त्याच्याच पोटात असतो. तो दाबत दाबत फिरवावा लागतो. बहुतेक मोटारींत घड्याळाच्या दिशेने, काहींत एका बाजूला उलटा, ते मोटारीच्या पुस्तकात पाहावे. शिकंज्यात धरून दाबाल तर आटा मोडेल. हातब्रेक बटणावर चालणारा असेल तर यातले काहीच करू नये. त्याला आधी यंत्राने दुरुस्तीच्या अवस्थेत न्यावे लागते आणि ते काम गॅरेजाचेच. पिस्टन फिरवताना त्याची रबरी झालर पिळली जात नाही ना ते लेक पाहत होती, आणि मी वर टाकीतले तेल चढून सांडत नाही ना ते पाहत होतो. ते तेल रंगावर सांडले तर रंग उतरवते. एक थेंब पडलाच, तो लगेच पाण्याने धुतला, तरी खूण राहिली.

आमचा पिस्टन सुदैवाने मोकळा फिरला. तो जाम असता तर कॅलिपर उघडून आतली रबरे बदलायचा माझा विचार होता. फिटरकाकांनी मान हलवली. "ते काम आंगनातलं नोहे, मास्तर. नवा कॅलिपर आना." मला आता त्यांचे पटते. पिना, पॅड, साफसफाई, तेल, एवढे घरी करता येते. आतला आटा, एबीएसचे यंत्र, हे घरी उघडू नये. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले आहे, तेव्हा ही मर्यादा बहुतेकांच्या अंगणात आली आहे.

पिना धुतल्या, नव्या टोप्या, नवे ग्रीस. हाताने ढकलताच सरकल्या, आणि बोट काढताच जागच्या जागी थांबल्या. लेकीने तेच दोनदा करून पाहिले. बोल्ट नवे, आणि ते ताण मोजणाऱ्या पान्ह्याने पुस्तकातल्या आकड्याइतके आवळले. अंदाजाने आवळण्यातला माझा आत्मविश्वास पिवळ्या डब्यातच राहिला होता.

मग तेल बदलले. ब्रेकची हवा काढणे हे एकट्याचे काम नव्हे. लेक पेडलवर, मी चाकाशी, निपलला पारदर्शक नळी आणि नळीचे दुसरे टोक लोणच्याच्या बरणीतल्या तेलात बुडवलेले. "दाब." "दाबलं." मी निपल सैल करायचा, काळपट तेल आणि बुडबुडे बाहेर, पुन्हा आवळायचा. "सोड." आवळण्याआधी सोडले तर हवा परत आत शिरते, म्हणून प्रत्येक वेळी शब्द मोठ्याने उच्चारायचा. ओट्यावर बसून आईने मोजायला सुरुवात केली, पण तेवीसच्या पुढे तिचा आकडा चुकला. मधून मधून टाकीत कोरे तेल घालत राहायचे. ती रिकामी झाली की सगळे पहिल्यापासून. तेल विषारी असते. बरणी नंतर स्वयंपाकघरात परत गेली नाही, आणि तिच्याबद्दल नवीन घ्यावी लागली.

चाके बसली, नट समोरासमोरचे धरून आवळले. आता जी गोष्ट सांगतो ती विसरून लोकांनी भिंती पाडल्या आहेत. पिस्टन आत फिरवलेला असतो, म्हणून पहिल्या काही दाबांना पेडल थेट खाली जाते. गाडी जागची हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहायचे. लेकीने दाबले, सहाव्या दाबाला ते वर येऊन थांबले. मग हातब्रेक ओढून-सोडून पाहिला, कॅलिपरवरचा त्याचा लहानसा दांडा दरवेळी पुरता मागे जातो याची खात्री केली.

शाळेच्या रिकाम्या मैदानावर माणूस चालतो त्या वेगाने पहिली फेरी, मग थोडी जलद. नंतर आम्ही कळंबपर्यंत गेलो, आजीला घेऊन. देवळापुढे उतरून मी चारही चाकांजवळ हात नेला. पुढची दोन गरम, मागची दोन कोमट, आणि डावे-उजवे सारखे.

पिवळा डबा मी फेकणार होतो. लेक म्हणाली, चांगले ग्रीस आहे, वाया कशाला घालवता. तिने त्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे: 'फाटकाच्या बिजागरीसाठी'. यंदा खंडेनवमीला तिने एक झेंडू त्याच्यावरही वाहिला.